पाठीवरचा खिसा

मित्रांनो, मी एक जुनी बंडी आहे. मांजरपाटाची, बिनबाह्यांची, डोक्यातून घालायची. माझा रंग कधीकाळी पांढरा होता. आता तो ताकाच्या निवळीसारखा झाला आहे. माझ्यासारख्या बंड्या तुम्ही पुष्कळ पाहिल्या असतील. पण माझी एक गोष्ट निराळी आहे. माझा खिसा पाठीवर आहे.

पाठीवरच्या खिशात पैसे ठेवता येत नाहीत. चुन्याची डबी ठेवता येत नाही. तिथे हातच पोचत नाही. म्हणून मला पाहणारा आधी हसतो आणि शिंपी चुकला असे म्हणतो. पण शिंपी चुकला नव्हता. तो खिसा एका बाईने समजून उमजून तिथे शिवला, आणि त्या खिशाने एक माणूस राखला. मध्ये काही काळ मी पेटीत पडून होते. तेवढ्या काळात तो माणूस जवळजवळ हातचा गेला होता. ती हकीकत मी तुम्हाला सांगते.

माझ्या मालकाचे नाव बिराप्पा. सांगली जिल्ह्याच्या पूर्वेला, आटपाडीकडच्या माळावर त्याची वस्ती. मेंढरे राखणारे घर. दिवाळी झाली की कळप, घोडे, कुत्री आणि संसार घेऊन ही माणसे साताऱ्याकडे, कराडच्या काळ्या रानांत उतरायची. शेतकरी आपल्या रानात मेंढरे बसवून घ्यायचे. त्यांना खत मिळायचे, यांना धान्य मिळायचे. आता बिराप्पाची थोडी शेतीही आहे, पण जीव मेंढरांतच.

बिराप्पा ओव्या गायचा. धनगरी ओवी बसून गुणगुणायची नसते. ढोल घुमतो, झांज वाजते, म्होरक्या एक लांब ओळ एका दमात टाकतो आणि मागचे गडी ती झेलतात. सगळ्यांत आधी देवाचे स्मरण करायचे. त्याला सुंबरान मांडणे म्हणतात. गावच्या बिरोबाच्या जत्रेत सुंबरान मांडायचा मान बिराप्पाचा. त्याची ओळ झेलणाऱ्यांत पहिला त्याचा दोस्त अर्जुना. तो म्हणायचा, "ह्या गड्याची वळ सपायची वाट बघून बघून माझं मिसरूड पांढरं झालं!"

जसे दिवसा गाणे, तसे रात्री घोरणे. तेही तितकेच जोरदार. आणि गंमत अशी की त्याचेही सगळ्यांना कौतुक होते.

"बिराप्पा तळावर आसला की कुत्र्यांनी खुशाल झोपावं," अर्जुना म्हणायचा. "लांडगं चार रानं सोडून पळत्यात."

एका साली खरोखरच शेजारच्या तळावर लांडगा पडला आणि यांच्या तळाकडे फिरकला नाही. मग तर काय विचारता! बिराप्पाचे घोरणे म्हणजे मेंढरांची राखण, असे सगळेच धरून चालले. घोरतो म्हणजे गाढ झोपतो, गाढ झोपतो म्हणजे तब्येत दांडगी. बिराप्पाही मिशीत हसायचा.

एकटी सुलाबाई हसायची नाही. सुलाबाई म्हणजे बिराप्पाची बायको. ती अथणीकडची, कानडी मुलखातली. बाकीचे लोक घोरणे ऐकायचे. सुलाबाई घोरणे थांबले की ऐकायची. कारण घोरता घोरता मध्येच सगळे गप्प व्हायचे. छाती हलायची नाही. नाकाशी हात धरला तर वारा लागायचा नाही. मग पाण्यात बुडणारा माणूस वर यावा तसा बिराप्पा धडपडून श्वास घ्यायचा आणि पुन्हा घोरणे सुरू. सकाळी विचारले तर त्याला यातले काही ठाऊक नसायचे. डोके तेवढे जड असायचे.

सुलाबाईने एक गोष्ट हेरली होती. तो उताणा झोपला की श्वास जास्त अडतो, कुशीवर झोपला की कमी अडतो. म्हणून ती रात्री कोपर मारून त्याला कुशीवर वळवायची. लग्न झाल्यापासून तिची अशी किती झोप गेली असेल, ते तिचे तिलाच माहीत.

एका बाजाराच्या दिवशी तिने त्याला ओढतच एका डॉक्टरकडे नेले. सुलाबाईला मराठी चांगले यायचे, पण घाबरली की तिच्या तोंडात आधी कानडी शब्द यायचा. कानडीत श्वासाला उसिरु म्हणतात.

"डॉक्टरसाहेब, ह्यांचं झोपंत..." ती हातवारे करत म्हणाली, "उसिरु! लय उसिरु!"

बाहेर पेशंटची रांग लागली होती. डॉक्टरांना ऐकू आले ते 'उशीर'.

"झोपायला उशीर होतो? मग लवकर जेवा आणि लवकर झोपा."

बिराप्पाला तो शब्द कळत होता. त्याने नुसते "उसिरु म्हंजी श्वास" असे सांगितले असते तरी भागले असते. पण आपल्याला काही झाले आहे हेच त्याला मान्य नव्हते. तो गालातल्या गालात हसला आणि गप्प बसला. बाहेर आल्यावर म्हणाला, "ऐकलंस न्हवं? लवकर जेवाय वाढ म्हणत्यात."

सुलाबाई तडक कापडाच्या दुकानाकडे वळली. येताना तिने बाजारातून मांजरपाट घेतला.

मित्रांनो, माझा जन्म असा झाला.

शिंप्याने मला बेतले आणि शिवले, पण पाठीला खिसा लावायला तो तयार होईना. "आक्का, माझ्या दुकानाचं नाव जाईल," तो म्हणाला. मग सुलाबाईने घरी येऊन स्वतःच खिसा शिवला. पांढऱ्या कापडावर काळ्या लोकरीचे टाके. तिने आयुष्यभर घोंगड्याची लोकर कातली होती, सुताचा दोरा तिच्या बोटांना बारीक वाटायचा. मग तिने लोकरीचा एक गुंडा घट्ट, अगदी घट्ट गुंडाळला, लहानशा पेरूएवढा. तो खिशात घातला आणि वरून तोंड शिवून टाकले.

पहिल्याच रात्री बिराप्पा उताणा झाला आणि उठूनच बसला.

"आगं, पाठीत धोंडा ठिवलास व्हय?"

"धोंडा न्हवं, लोकर हाय. उताणं पडलासा तर टोचंल. कुशीवर पडा, कुणी आडवलंय?"

"आन लोक हसलं तर?"

"हसू द्यात की. हसणाऱ्यानं तुमच्यासंगं रातभर जागून बघावं. मग मी खिसा फुडं लावते."

लोक हसलेच. "बिराप्पाच्या पाठीला आवाळू आलंय," म्हणून अर्जुनाने तळभर सांगितले. पण थोड्याच दिवसांत बिराप्पाची सकाळची डोकेदुखी गेली. दुपारी झाडाखाली बसल्या बसल्या डुलकी लागायची, तीही कमी झाली. श्वास पूर्ण मोकळा झाला होता असे मी म्हणणार नाही. पण मी माझ्या परीने झटत होते. मी पाठीशी असायची. तो कलंडू लागला की मी टोचायची, आणि तो झोपेतच पुटपुटत कुशीवर वळायचा. सुलाबाईला झोप मिळू लागली. तिच्या कोपराचे काम आता माझ्याकडे आले होते.

माझी ती वर्षे फार चांगली गेली. मी कराडला कृष्णेच्या पाण्यात धुतली गेले, कोयनेच्या काठी बाभळीवर वाळले. विटले की नवी बंडी येईल असे मला वाटायचे. पण सुलाबाई मलाच ठिगळ लावायची. "हिला आता सवय झालीय," म्हणायची. त्यांचा मुलगा मल्हार शिकला, साताऱ्याकडे शिरवळच्या एका कारखान्यात कामाला लागला. सृष्टी नावाची सून घरात आली.

आणि मग सुलाबाई गेली. पोटाचे दुखणे होते. थोडक्यात आटोपले.

दिवस घातल्यावर बिराप्पाने मला स्वतःच्या हाताने धुतले. तोपर्यंत त्याने कधी कपडा धुतला नव्हता. साबण फार लागला. मग माझी नीट घडी घालून त्याने मला पत्र्याच्या पेटीत ठेवले, सुलाबाईच्या हिरव्या लुगड्यावर.

"तिच्या हातचं एवढंच टाकं ऱ्हायल्यात," तो अर्जुनाला म्हणाला. "रोज घातलं तर झिजत्याल. नगं."

त्याने हे प्रेमाने केले. त्यात काही वाईट नव्हते. पण त्या दिवसापासून त्याला रात्री कुशीवर वळवणारे कोणी उरले नाही. कोपर गेले, आणि पाठोपाठ मीही गेले.

पेटी त्याच्या बाजेखालीच होती. मला दिसत काही नव्हते, पण ऐकू सगळे येत होते. घोरणे पहिल्यापेक्षा वाढले. मधल्या गप्प जागाही लांबल्या. मी पेटीत पडून त्या मोजायची, पण मला करता काही येत नव्हते.

हळूहळू दिवसाचे आवाज बदलले. आधी त्याचे गाणे बंद झाले. मग मेंढरांना हाका मारणे बंद झाले. मग कुत्र्याला शिव्या देणेही बंद झाले. मित्रांनो, माणूस कुत्र्यालाही काही बोलेनासा झाला की घर फार शांत होते. तो दिवसा बाजेवर पडून राहायचा, रात्रभर झोपून उठला तरी थकलेलाच असायचा. अर्जुना भाकरी घेऊन यायचा आणि तशीच परत न्यायचा. गावात सगळे म्हणायचे, "बायकूचा ध्यास घेतलाय गड्यानं." कुणी सांगितले, दोन घोट घे म्हणजे झोप लागेल. त्याने घेतले. त्या रात्री गप्प जागा इतक्या लांबल्या की मला पेटीतल्या पेटीत घाम फुटला.

गावाचे म्हणणे खोटे नव्हते. दुःख खरेच होते. मी तर त्या दुःखाच्या लुगड्यावरच निजले होते. पण सगळा दोष एकट्या दुःखावर घातला, की माणूस दुसरे काही शोधत नाही.

सगळ्यांत वाईट म्हणजे तो आता प्रत्येक गोष्टीला "व्हय" म्हणायचा. हा बिराप्पा, जो मेंढराच्या एका कानावरून व्यापाऱ्याशी दिवसभर भांडायचा! दिवाळीला मल्हार आणि सृष्टी आले. बापाची दशा पाहून मल्हार हादरला.

"आबा, असं एकट्यानं ऱ्हायचं न्हाई. चैत्रात जत्रेला मेंढरं विकू, आन तुमी शिरवळला चला. विकू न्हवं?"

"व्हय."

"समदी?"

"व्हय."

मल्हारने व्यापाऱ्याला शब्द दिला. बिराप्पाची पिढ्यान्‌पिढ्यांची मेंढरे एका 'व्हय'वर जाणार होती. अर्जुना माझ्यावर... म्हणजे बाजेखालून ओढलेल्या पेटीवर बसून मल्हारला म्हणाला, "मेंढरं गेली की ह्यो माणूस बी गेला म्हणून समज." तो हे हळू बोलला, पण मी त्याच्या खालीच होते.

त्याच आठवड्यात सृष्टीने साफसफाईला पेटी उघडली आणि सारे कपडे उन्हात टाकले. किती दिवसांनी मी ऊन पाहिले! बिराप्पा भिंतीकडे तोंड करून पडला होता. तो वाळला होता आणि सुजलाही होता, दोन्ही एकदम.

"शिंप्यानं कमालच केलीय," सृष्टी मला उलटी सुलटी करत हसली. "खिसा पाठीला! मामंजी, कापड बरं हाय अजून. खिसा उसवून फुडं लावून देते, शिरवळला घालायला हुईल."

तिने ब्लेड आणले. काळ्या लोकरीचा एक टाका तट्‌कन तुटला.

"हात लावू नगंस!"

अंगणातली कोंबडी उडाली. सृष्टीच्या हातातून ब्लेड पडले. कितीतरी दिवसांत त्या घराने एवढा आवाज ऐकला नव्हता. बिराप्पा उठून बसला होता.

"तुझ्या सासूनं शिवलाय त्यो. माझ्यासाठनं. मी उताणा पडलो की माझा दम आडतो म्हणून."

सृष्टी खाली बसली. मला मांडीवर घेतले. "मग ही काढून का ठेवली?"

"टाकं झिजत्याल."

"कवा ठेवली?"

"ती गेली तवाच."

सृष्टीने तुटलेला टाका चिमटीत धरला. "मामंजी, रागावू नका. तुमाला हे असं पडून ऱ्हावंसं कवापासनं वाटाय लागलं?"

बिराप्पाने मान खाली घातली. "कुणाला सांगू नगं पोरी. मला सकाळच नगं वाटती. डोळं उघडलं की वाटतं, आता ह्यो दिवस कुठं वाहून नेऊ?"

"तवापासनंच न्हवं? आत्याबाई गेल्या म्हणून असं झालं, असं मी बी समजत हुते. पण त्या वक्ताला दोन गोष्टी गेल्या मामंजी. आत्याबाई गेल्या. आन ही बंडी बी गेली."

मला त्या क्षणी जे वाटले ते मला सांगता येणार नाही. कापडाला रडता येत नाही.

शिरवळला सृष्टीच्या मजल्यावर एक ड्रायव्हर राहायचा. गाडी चालवताना त्याचा डोळा लागायचा. झोपेत श्वास अडतो म्हणून हे होते, असे त्याला डॉक्टरांनी सांगितले होते आणि एक मशीन दिले होते. सृष्टीला ते आठवले. तिने मल्हारला तयार केले, आणि तिघे सांगलीला निघाले. मी पिशवीत होते. स्टँडवरून रिक्षा हळदीच्या पेठेजवळून गेली. पिशवीच्या तोंडातून तो पिवळा वास आत आला. बिराप्पा मात्र रिक्षातही डुलक्या घेत होता.

तिथल्या डॉक्टरीणबाईंचे नाव शिवांजली. त्यांनी विचारले, "काय होतंय?"

मल्हार सांगायला लागला, तेवढ्यात बिराप्पाने हाताने त्याला थांबवले. "मीच सांगतो. मागल्या बारीला बायकू सांगत हुती आन मी गप बसलो." मग तो म्हणाला, "झोपंत उसिरु थांबतंय."

मल्हार म्हणाला, "त्यांना म्हणायचंय..."

"कळलं मला," बाई म्हणाल्या. "माझे निम्मे पेशंट कर्नाटकातून येतात. उसिरु म्हणजे श्वास. श्वास थांबतो, हे कोणी पाहिलं?"

"बायकूनं. लई वर्सं." त्याने पिशवीतून मला काढले आणि टेबलावर ठेवले. "ह्यो तिचा दवा."

डॉक्टर शिवांजली हसल्या नाहीत. मला हातात घेऊन त्यांनी लोकरीचा गुंडा दाबून पाहिला. "काही जणांचा श्वास उताणं झोपल्यावर जास्त अडतो. त्यांना कुशीवर ठेवायला आम्हीही असंच काहीतरी सांगतो. पण आधी तपासू. एवढ्याने भागतंय का ते बघू."

तपासणीसाठी बिराप्पाला एक रात्र तिथे झोपवले. अंगाला वायरी लावल्या. मला खुंटीवर टांगले. मला राग आला, पण त्यांना श्वासाची खरी कथा माझ्याविना ऐकायची होती.

दुसऱ्या दिवशी बाईंनी कागद पुढे ठेवले, पण सांगितले तोंडाने. "झोपेत तुमचा गळा आतून मिटतो. श्वास अडतो. मेंदू घाबरून तुम्हाला अर्धवट जागं करतो, श्वास येतो, पुन्हा झोप, पुन्हा गळा मिटतो. रात्रभर हेच चाललंय. तुम्ही झोपत नाही बिराप्पा, तुम्ही रात्रभर कुस्ती खेळता. मग सकाळ नकोशी वाटेल नाही तर काय?"

"म्हंजी मला बायकूचं दुःख न्हाई म्हणता?"

"असं कोण म्हणेल? दुःख खरं आहे, आणि मन आजारी पडलंय तेही खरं आहे. पण झोपेचं दुखणं आणि मनाचं दुखणं एकमेकांना धरून असतात. झोप मोडली की मन खचतं, आणि मन खचलं की माणूस झोपेसाठीही काही करत नाही. दोघांवर इलाज करायचा. झोपताना मशीन लावायचं. ते हवेच्या दाबाने गळा उघडा ठेवतं. मनाच्या डॉक्टरांशीही बोलायचं, ते देतील ते औषध घ्यायचं. दारू बंद. आणि ही बंडी घालायची. कुशीवर झोपलात तर मशीनलाही सोपं जाईल."

मित्रांनो, एवढ्या मोठ्या दवाखान्यात माझे नाव औषधांत निघाले! माझी घडी त्या दिवशी ताठ बसली.

पण लढाई अजून जिंकायची होती. घरी आल्यावर बिराप्पाने मशीनचा मास्क नाकावर लावून पाहिला आणि काढून फेकला.

"बैलाला मुसकं बांधल्यागत वाटतंय! धनगराच्या तोंडाला मुसकं? गाव काय म्हणंल?"

तुम्हाला मुसके माहीत आहे ना? मळणीच्या वेळी बैलाने धान्यात तोंड घालू नये म्हणून त्याच्या तोंडाला जाळी बांधतात, ते मुसके. सृष्टीने समजावले, मल्हार चिडला. काही उपयोग नाही. मास्क खुंटीवर लटकत राहिला. एकट्या माझ्याने ते ओझे पेलत नव्हते. त्याचे अंग आता सुजून जड झाले होते, आणि कुशीवरही श्वास अडत होता.

तेव्हा अर्जुना आला. त्याने मास्क हातात घेतला, फिरवून फिरवून पाहिला.

"व्हय रं बिराप्पा, मुसकंच हाय हे. पण मला सांग, बैलाला मुसकं कवा बांधत्यात?"

"खळ्यावर."

"खळ्यावर कवा?"

"धान्य आल्यावर. आन कवा?"

"मग? दुष्काळात कुणी बांधतंय का मुसकं? मुसकं बांधलं म्हंजी सुगी आली गड्या! घाल गप तोंडाला."

बिराप्पाने मास्क हातात घेतला. मग त्याच्या मिशीखाली काहीतरी हलले. सुलाबाई गेल्यानंतर तो पहिल्यांदा हसला होता.

त्या रात्री आम्ही तिघे कामाला लागलो. पाठीवर मी, नाकावर मुसके, उशाशी मशीन. सुरुवातीला तो मध्येच काढून टाकायचा. नाक कोरडे पडायचे, पट्टा गालाला काचायचा. सृष्टी तिथेच राहिली होती. तिने पट्टा बदलून आणला. हळूहळू बसले. मी वाट बघत असायची की आता श्वास थांबेल. थांबला नाही. आत, बाहेर, आत, बाहेर, जशी मेंढरे एका मागे एक वाड्यात शिरतात. मशीनचा आवाज सुलाबाईने ऐकला असता तर ती निवांत निजली असती.

मग एका सकाळी बिराप्पा कुणी न उठवता उठला. दारात आला. बाहेर बघून ओरडला, "त्ये कोकरू लंगडतंय, कुणाच्या डोळ्याला दिसंना व्हय? आन ह्ये कुत्रं बघा, कलेक्टर झालंय, उन्हात पसरलंय!"

सृष्टी चुलीपुढे बसून डोळे पुसत हसत होती. शिव्या ऐकून एवढा आनंद कोणाला झाल्याचे मी पाहिले नव्हते. कुत्र्यालाही झाला असावा. ते शेपूट हलवत उठले.

सगळे एकदम बरे झाले असे नाही. काही दिवस जड जायचे. मनाच्या डॉक्टरांकडे जाणे चालू राहिले, गोळ्याही चालू राहिल्या. सुलाबाईची आठवण आली की तो अजूनही रडतो. पण आता रडून झाल्यावर उठतो.

चैत्र आला. बिरोबाची जत्रा भरली. आणि सकाळीच व्यापाऱ्याचा टेम्पो दारात उभा राहिला. मल्हार शिरवळहून आला होता. त्याच्या तोंडचे पाणी पळाले. शब्द त्यानेच दिला होता.

"काका, मेंढरं काढायची न्हवं?" व्यापाऱ्याने विचारले.

"न्हाई," बिराप्पा म्हणाला.

"काय म्हणालासा, आबा?" मल्हारने विचारले.

"न्हाई म्हणालो. तुझ्या कानात लोकर गेलीया व्हय?" मग तो व्यापाऱ्याकडे वळला. "चुकी आमची. पोराचा बाप आजारी हुता, म्हणून पोरानं शब्द दिला. बाप आता बरा हाय. च्या घिऊन जावा."

मल्हारने तिथल्या तिथे बापाचे पाय धरले. मेंढरे वाचली म्हणून नव्हे, तर 'न्हाई' परत आले म्हणून.

दुपारी देवळापुढे ढोल घुमायला लागला. गडी वर्तुळात उभे राहिले. सुंबरान मांडायची जागा बिराप्पासाठी रिकामी होती. गेल्या जत्रेलाही ती रिकामीच राहिली होती. त्याच्याच्याने ओळ तडीला जाईल का, हे प्रत्येकाच्या तोंडावर लिहिलेले होते.

घरातून निघताना बिराप्पाने मला अंगात घातले होते. दिवसा तो मला कधी घालत नसे. आणि घालताना त्याने मला फिरवून घातले होते. माझी पाठ पुढे आली. लोकरीचा गुंडा त्याच्या छातीवर आला.

अर्जुना खदखदून हसला. "उलटी घातलीस की रं! खिसा फुडं आला!"

"येऊ दे," बिराप्पा म्हणाला. "लई वर्सं मागनं राखण केली हिनं. आज मला झोपायचं न्हाई. आज हिला फुडं उभी ऱ्हाऊ दे."

अर्जुनाचे हसणे थांबले. त्याने फेटा नीट केला आणि झांज उचलली.

बिराप्पाने डोळे मिटले आणि छाती भरून श्वास घेतला. मी तिथेच होते, मला तो शेवटपर्यंत आत जाताना कळला. कुठे अडला नाही. आणि मग ओळ सुटली. देवळावरून गेली, पालांवरून गेली, माळावर चरणाऱ्या मेंढरांपर्यंत गेली. संपेचना. झेलणारे गडी एकमेकांकडे बघू लागले. अर्जुनाच्या मिशीवरून पाणी ओघळत होते, पण त्याने झांज सोडली नाही. आणि ओळ एका दमात तडीला गेली, तेव्हा त्या सगळ्यांनी ती अशी झेलली की ढोलवाल्याच्या काठ्या आपोआप दुप्पट वेगाने पडू लागल्या. भंडारा उधळला. मी पुढून पिवळीधमक झाले. तो रंग अजून नीट गेलेला नाही, आणि जावा असे मला वाटतही नाही.

मित्रांनो, माझे मागणे थोडे आहे. तुमच्या घरात कोणी घोरत असेल तर नुसते हसू नका. घोरणे थांबते तेव्हाही कान द्या. कोणी सकाळी थकून उठत असेल, गप्प गप्प होत असेल, सगळ्याला व्हय म्हणत असेल, तर ते दुःख आहे, चालायचेच, असे म्हणून त्याला सोडून देऊ नका. डॉक्टरांकडे न्या, आणि त्यांना कळेपर्यंत सांगा. तुमच्याबद्दल कोणी चुकीचे समजत असेल तर बिराप्पासारखे गालात हसून गप्प बसू नका.

आणि तुमच्यासाठी कोणी जीव लावून काही शिवले असेल, विणले असेल, तर ते पेटीत जपून ठेवू नका. अंगात घाला. सृष्टीच्या ब्लेडने तुटलेला माझा टाका तिने नव्या लोकरीने पुन्हा घातला आहे. ती लोकर त्याच लंगड्या कोकराची आहे, जे आता उड्या मारते. बाकीचे टाके झिजत चालले आहेत. झिजू देत. ते झिजण्यासाठीच घातले होते.

आता दिवस मावळला. बिराप्पाने मेंढरे वाड्यात घातली, हात-पाय धुतले. मला दोरीवरून काढायला तो इकडेच येतो आहे. मला कामावर जायचे आहे.